दमा आहे, आणि विमानातून उडी मारायची आहे?

“डॉक्टर, मला दमा आहे. दुबईला स्कायडायव्हिंग करायचंय. चालेल का?” पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारत नसे. २०११ मध्ये ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला, दुबईच्या सहली वाढल्या, आणि आता तिशीतलेच नव्हे तर साठी ओलांडलेलेही हे विचारतात. माझं उत्तर असं: दमा आटोक्यात असेल तर बहुतेकांना चालेल. आटोक्यात नसेल तर नाही. आणि दमा लपवून तर मुळीच नाही.

आधी त्या उडीत नेमकं काय होतं ते बघू. नवख्या माणसाला एकट्याने उडी मारू देत नाहीत. तुम्हाला प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधलेलं असतं. विमान पंधरा-वीस मिनिटांत साधारण १३,००० फुटांवर जातं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो, त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो. पण हे काही मिनिटांपुरतं असतं, आणि चांगल्या फुफ्फुसांना ते झेपतं. उडी मारल्यावर जवळजवळ एक मिनिट तुम्ही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येता. मग पॅराशूट उघडतं आणि पुढची पाच-सहा मिनिटं तरंगत जमिनीवर.

दम्याच्या रुग्णासाठी यातली त्रासदायक गोष्ट उंची नाही, थंडी आहे. दर हजार फुटांमागे तापमान साधारण २ अंशांनी घटतं. खाली २८ अंश असेल तर वर जवळजवळ शून्य, त्यात तो वारा. थंड, कोरडी हवा जोरात आत गेली की दम्याच्या श्वासनलिका आकसतात. डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे फिरताना ज्यांची छाती वाजते, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट भीती. घाबरलेला माणस एकतर श्वास रोखून धरतो, नाहीतर भराभर घेतो. भराभर श्वासाने हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि दम्याचा झटकाच आला असं वाटतं. वाऱ्याच्या झोतातही श्वास घेता येतो. फक्त तो घ्यायची आठवण ठेवावी लागते!

आता ‘आटोक्यात’ म्हणजे काय? “आता काही त्रास नाही हो” असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना रोज जिना चढताना धाप लागते, त्याची त्यांना सवय झालेली असते. म्हणून गेल्या चार आठवड्यांचा हिशेब करा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का? आराम देणारा पंप दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? रात्री खोकल्याने किंवा धाप लागून एकदाही जाग आली का? दम्यामुळे एखादं काम टाळलंत का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं, तरी उडीचं बुकिंग पुढे ढकला आणि औषध बदलायला या. नुकताच नेब्युलायझर किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्या असतील, तर मी किमान सहा आठवडे थांबायला सांगतो. सर्दीने नाक-कान बंद असतील तरीही थांबा. उतरताना कान भयंकर दुखतो. दम्यासाठी पूर्वी कधी आयसीयूत राहावं लागलं असेल, तर छातीच्या डॉक्टरांकडून तपासणी झाल्याशिवाय विचारच नको.

आपल्याकडे रोजचा स्टेरॉइडचा पंप ‘सवय लागेल’ म्हणून बंद करायचा आणि निळ्या पंपावर दिवस काढायचे, ही पद्धत जुनी आहे. सवय लागत नाही. निळा पंप आकसलेली नळी काही तासांसाठी उघडतो, आतली सूज तशीच राहते. अशा सुजलेल्या छातीने थंड हवेत उडी मारणं मला पटत नाही.

आणि तो फॉर्म. उडीआधी आजारांची माहिती भरून द्यावी लागते, तिथे दम्यासमोर बिनदिक्कत ‘नाही’ लिहिणारे खूप. दमा लपवणं आपल्या हाडीमाशी खिळलंय. लग्नाच्या मुलीचा पंप पर्सच्या तळाशी दडवणारी घरं मी पाहिली आहेत. यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. ऐकायच्या आधीच “छे, असलं काही करू नका” म्हटलं, की माणूस पुढच्या वेळी विचारतच नाही. पण जरा विचार करा, १३,००० फुटांवर तुमच्या मदतीला एकच माणूस आहे, आणि तुमची छाती भरली तर का भरली हे त्यालाच माहीत नाही. खरं लिहिल्यावर ते डॉक्टरांचं पत्र मागतील, कदाचित नकार देतील. नकार आला तर बुर्ज खलिफा बघा, पैसे बुडाले तर बुडू द्या.

जाणार असाल तर पंप कुठला न्यायचा हेही बघा. आपल्याकडे अनेक जण कॅप्सूल टाकून ओढायचा रोटाहेलर वापरतात. पट्ट्यांत बांधलेलं असताना थरथरत्या हातांनी कॅप्सूल भरणं जमणार नाही. दाबून फवारा मारायचा पंप सोबत हवा, तो चेन असलेल्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेजवळ. फार गार पडला तर फवारा नीट येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी व्यायामाआधी पंप घ्यायला सांगितला असेल, तर विमानात चढण्याआधी पंधरा मिनिटं तो घ्या. हवेत असताना पंप काढता येत नाही, हे गृहीत धरा.

छातीतली धडधड थांबावी म्हणून मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी मात्र घेऊ नका. स्टेजची भीती घालवायला काही जण ती घेतात. दम्यात तिच्याने श्वासनलिका घट्ट आवळू शकतात, आणि वर तुमचा पंपही नीट काम करत नाही.

जमिनीवर पाय टेकल्यावर लगेच टॅक्सीत बसू नका. थंड हवेने किंवा दमछाकीने येणारा झटका बऱ्याचदा पाच ते पंधरा मिनिटांनंतर सुरू होतो. अर्धा तास तिथेच, धुळीपासून दूर, सावलीत बसा. छाती वाजू लागली तर पंप घ्या. पंप घेऊनही वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर व्हिडिओची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा आणि वाटेत पंप घेत राहा.