पॅसेज म्हणजे ओसरी नव्हे

आपल्या फ्लॅटच्या दारात उभे राहा आणि डावीकडे-उजवीकडे पाहा. चपलांचा रॅक, त्यावर रद्दीचा गठ्ठा, बाजूला हवा गेलेली लहान मुलाची सायकल, भिंतीला टेकवलेली खाट, पाण्याचा रिकामा जार, दोन कुंड्या आणि कोपऱ्यात ‘गावी न्यायचे’ म्हणून ठेवलेले, पण कधीच गावी न गेलेले कपाट. मुंबई घ्या, ठाणे घ्या, पुणे घ्या, वस्ती कोणाचीही असो, चित्र हेच. निदान या एका बाबतीत आपल्याकडे हिंदू-मुसलमान असा काही फरक उरलेला नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला की लोक हसतात. पाण्याचे टँकर, गच्चीची गळती, लिफ्टची दुरुस्ती, थकलेला मेंटेनन्स हे मोठे विषय. चपलांचा रॅक म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांची कुरबुर. मी दोन वर्षे आमच्या इमारतीच्या कमिटीवर काम केले आहे आणि माझे मत याच्या नेमके उलटे आहे. गळकी गच्ची पावसाळ्यात त्रास देते. भरलेला पॅसेज एरवी काहीच त्रास देत नाही, पण ज्या दिवशी देतो त्या दिवशी जीव घेतो.

लोक सामान बाहेर का ठेवतात? ‘लोकांना शिस्त नाही’ हे सोपे उत्तर मला पटत नाही. खरे कारण घराच्या रचनेत आहे. आपल्याकडे चपला घालून घरात वावरायची रीत नाही. ज्या घरात जानमाज अंथरली जाते तिथे नाही आणि ज्या घरात देव्हारा आहे तिथेही नाही. जुन्या घरांनी याची सोय केली होती. कोकणातल्या घराला पडवी होती, देशावरच्या वाड्याला ओसरी होती. चप्पल, छत्री, काठी, कुदळ, ओळख नसलेला पाहुणा असे सगळे आधी तिथे थांबत आणि मग जे आत यायचे ते आत येई. बिल्डरच्या नकाशातून ही जागाच गायब झाली. दार उघडले की थेट हॉल. ज्या देशात कोणी बूट घालून घरात शिरत नाही, त्या देशातल्या घरांच्या नकाशात बूट काढायला हातभर जागा नसावी, हे नवलच आहे. मग माणसाने पॅसेजलाच ओसरी केले.

त्यात चाळीची सवय. चाळीची गॅलरी ही सगळ्यांची होती. तिथे पाण्याचे पिंप असे, ट्रंक असे, सिगडी पेटे, म्हाताऱ्या माणसाची खाट पडे. खोली दहा बाय बाराची, संसार गॅलरीत. पण एक गोष्ट विसरू नये. चाळीची गॅलरी एका बाजूने उघडी होती. काही पेटले तर धूर आकाशात जाई. आजच्या इमारतीतला पॅसेज दोन्ही बाजूंनी बंद असतो, अनेक ठिकाणी त्याला खिडकीही नसते. धुराला जायला जिना ही एकच वाट, आणि माणसालाही तीच. सवय आपण चाळीतून आणली, पण जागा मात्र चाळीची नाही.

आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळेने नव्हे, धुराने दगावतो. दिवे गेलेले, डोळ्यांपुढे हात दिसत नाही, माणूस भिंत चाचपत वाकून चालतो. अशा वेळी भिंतीला लागून काय आहे? आपला रॅक. त्यातले फोम आणि रबराचे बूट पेटले की निघणारा धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी. आता त्यात विजेवरच्या स्कूटरच्या बॅटऱ्यांची भर पडली आहे. काही जण ती वर आणून पॅसेजमधल्याच प्लगवर रात्रभर चार्जिंगला लावतात. जिन्याचे आपोआप बंद होणारे दार धूर अडवण्यासाठी असते. ते ‘सारखे आपटते’ म्हणून कुंडी लावून उघडे ठेवले जाते. उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी सोडलेल्या मोकळ्या मजल्यावर मोडके सोफे साठतात.

६ ऑक्टोबर २०२३ची पहाट आठवा. मुंबईत गोरेगाव पश्चिमेला झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या एका इमारतीत आग लागली. खाली वाहनांच्या जागेत गाड्या होत्या आणि जुन्या कपड्यांची गाठोडी साठवलेली होती. ते पेटले आणि धूर वर चढला. किमान सात माणसे गेली, कित्येक जखमी झाली. ती गाठोडी कोणाच्या तरी पोटापाण्याची होती, कोणाचा जीव घ्यावा म्हणून कोणी ती ठेवली नव्हती. सामायिक जागेत ठेवलेली वस्तू अशीच असते. ठेवणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नसते.

आगीची गोष्ट दूरची वाटत असेल तर रोजची घेऊ. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वयस्क खालाजानना रात्री अडीच वाजता श्वास लागला. रुग्णवाहिका वेळेत आली. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हते. जिन्याने न्यायचे तर वळणावर एक लोखंडी कपाट. स्ट्रेचर वळेना. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून चार जणांनी त्यांना खाली उतरवले. त्या वाचल्या, अल्लाहची मेहेरबानी. पण त्या सात-आठ मिनिटांत त्यांचा मुलगा कपाटाच्या मालकाकडे ज्या नजरेने पाहत होता, ती मी विसरू शकत नाही. दोन्ही घरांत ईदला शिरखुर्म्याची देवाणघेवाण होती. ती थांबली.

आणि आणखी एक वाट आहे, तिचा विचार आपण करत नाही. प्रत्येक घरातून कधी ना कधी जनाजा निघणार आहे, नाहीतर अंत्ययात्रा निघणार आहे. ती याच पॅसेजमधून आणि याच जिन्याने. आपल्या माणसाला शेवटचे नेताना खांदा देणाऱ्यांनी ‘जरा तिरके करा, रॅक आहे’ असे म्हणावे, हे कोणाला आवडेल?

‘पॅसेजचे पैसे आम्हीच भरलेत’ असे एक उत्तर हमखास मिळते. ते खोटे नाही. वर्षानुवर्षे बिल्डरांनी जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा फ्लॅटच्या क्षेत्रफळात मिसळून विकला. २०१६च्या रेरा कायद्याने आतले चटई क्षेत्र स्पष्ट सांगणे बंधनकारक केले ते याचसाठी. पण पैसे सगळ्यांनीच भरलेत. म्हणूनच पॅसेज सगळ्यांचा आहे. माझ्या दारासमोरचा तुकडा माझा आणि तुमच्या दारासमोरचा तुमचा, अशी त्याची वाटणी होत नाही. ‘आमचा फ्लॅट शेवटचा, इथून कोण जाणार?’ हे दुसरे उत्तर. त्याला माझा एकच प्रश्न आहे: तुम्ही स्वतः कुठून जाणार?

कायदा याबाबतीत मुका नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार जिना, पायऱ्या, पॅसेज, लिफ्टची जागा यांवर कोणत्याही सभासदाला अतिक्रमण करता येत नाही. केले तर ते जितके महिने राहील तितके महिने मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. आगीबाबत राज्याचा २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याखाली आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, घ्यावे लागते. कमिट्या हा कागद मिळवतात. पण नळी चालू आहे असे कागद सांगतो, नळीपर्यंत पोचायला वाट आहे का हे तो कागद सांगत नाही.

माझ्या मुस्लिम वाचकांना कायद्याशिवाय आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो. काटा, दगड, हाड बाजूला करायचे. मग वाटेत वस्तू आणून ठेवणे हे काय झाले? जुन्या फिकहच्या ग्रंथांत एका टोकाला बंद असलेल्या गल्लीची चर्चा आहे. अशी गल्ली तिथल्या सगळ्या घरांची सामायिक असते आणि बाकीच्यांच्या संमतीवाचून तिच्यात कोणाला काही पुढे काढता येत नाही. आजचा पॅसेज हीच ती बंद गल्ली, फक्त चौथ्या मजल्यावर. जुम्माच्या खुतब्यात वजूचे नियम बारकाईने सांगितले जातात, ते योग्यच आहे. कधीतरी जिन्याचा हक्कही सांगितला जावा.

आता दुसरी बाजू. नियम आहे म्हणून तो कोणावर चालवला जातो, हेही पाहिले पाहिजे. मिश्र वस्तीतल्या सोसायटीत नवीन आलेल्या भाडेकरूच्या, त्यातही मुसलमान भाडेकरूच्या, दारातल्या चपलांचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो आणि सेक्रेटरींच्या दारातल्या कपाटाकडे कोणाचे लक्ष जात नाही, असे मी ऐकलेही आहे आणि पाहिलेही आहे. आमच्याच लोकांच्या इमारतींत वेगळ्या तऱ्हेने हेच घडते. तिथे जुन्या मालकाला सूट आणि भाड्याने राहणाऱ्या विधवेच्या शिलाई मशीनला नोटीस. जो नियम एकालाच लागू होतो तो नियम नसतो, तो आकस असतो. आणि आकसाने राबवलेला नियम लोक मोडतात, त्यात माझ्या मते त्यांचा फारसा दोष नाही. म्हणूनच चांगला नियम सगळ्यांत आधी नियम करणाऱ्यांच्या दारापासून सुरू झाला पाहिजे.

जागेची अडचणही खरी आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ झाले, आता ३०० आहे. त्यात सहा-सात माणसे राहतात. मुंब्रा, गोवंडी, भिवंडीकडे कित्येक घरांत बायका कपड्याचे, पॅकिंगचे काम घरी आणून करतात. सकाळी मालाची पोती येतात, तेव्हा ती क्षणभर पॅसेजमध्ये ठेवल्याशिवाय इलाज नसतो. त्या बाईला पाचपट दंडाची नोटीस देणारी कमिटी मला मान्य नाही. तिला सांगावे, माल दिवसा उतरव, पण रात्री एकही पोते बाहेर राहू नये. दिवसा लोक जागे असतात. धूर झोपलेल्यांना गाठतो.

तेव्हा करायचे काय? दंडाने सुरुवात करू नये. आधी एक रविवार ठरवावा. कमिटीच्या सभासदांनी आपापल्या मजल्यावरचे सामान स्वतः आत घ्यावे. भंगारवाल्याला बोलवावे, कारण पॅसेजमधले अर्धे सामान कोणालाच नको असते. टाकवत नाही म्हणून ते पडून असते. चपलांसाठी दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर बसणारे अरुंद कपाट येते, ते वीतभरच पुढे येते. नळीच्या पेटीसमोर, मीटरच्या खोलीत आणि जिन्यात काहीच नाही, याला अपवाद नको. बॅटरीचे चार्जिंग पॅसेजमध्ये नाही, जिन्याखालीही नाही. पायपुसणे, उंबऱ्यापाशी रांगोळी, भिंतीवर आयत किंवा गणपती, यांवर कोणी भांडू नये. त्यांना अडखळून कोणी पडत नाही आणि त्यांच्यावरून भांडणाऱ्यांचा हेतू बहुधा वाट मोकळी करण्याचा नसतो.

आणि काय राहू द्यायचे, काय काढायचे, यावर सभेत तासभर वाद घालण्यापेक्षा एक सोपी परीक्षा घ्यावी. सगळ्यात वरच्या मजल्यावरून एक रिकामी खाट चार जणांनी खांद्यावर घ्यावी आणि जिन्याने खालपर्यंत आणावी, प्रत्येक मजल्याच्या शेवटच्या दारापर्यंत जाऊन. खाट ज्या ज्या वस्तूला आपटेल ती वस्तू त्याच दिवशी आत जाईल किंवा भंगारात जाईल, मग ती चेअरमनसाहेबांची असो की भाडेकरूची. खाट कोणाचे नाव विचारत नाही, जातही विचारत नाही.