आधी उंट बांधा: गाडीतले अग्निशामक यंत्र आणि आपला तवक्कुल

आपल्या व्यापारी बांधवांच्या टेम्पोच्या काचेवर बिस्मिल्लाह लिहिलेले असते, आरशाला तसबीह लटकत असते. गाडीत जॅक असतो, स्टेपनी असते, दोरखंड आणि ताडपत्री असते. परंतु आग विझवण्याचे लाल रंगाचे अग्निशामक यंत्र क्वचितच दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "अल्लाह मालिक आहे, नशिबात असेल ते होईल."

हे उत्तर ऐकायला श्रद्धेचे वाटते, पण त्यात श्रद्धेपेक्षा आळस अधिक आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करावा की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. आगीबद्दलची शिकवण तर याहून स्पष्ट आहे. मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले. ती वार्ता कळताच प्रेषितांनी (स.) आग ही माणसाची शत्रू असल्याचे बजावून झोपण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली. म्हणजे खबरदारी हा तवक्कुलचाच भाग होय.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. टेम्पोत भरलेला माल कोणाचा? भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला अनेकदा दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणतो. शिवणकाम करणारा कारागीर कापून मिळालेले कपडे शिवून परत पोहोचवतो. पिंजारी बांधव गिऱ्हाइकाच्या गाद्या नेतो-आणतो. हा माल आपल्या मालकीचा नसून आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. अमानत आपल्या निष्काळजीपणामुळे बुडाली तर जबाबदारी आपल्यावर येते, हा शरीयतचा नियम कोणा व्यापाऱ्याला नव्याने सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, विमा आहेच की! विम्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत. अनेकजण दीनच्या कारणाने कायद्यात सक्तीचा आहे तेवढाच विमा उतरवतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्ती फक्त थर्ड पार्टी विम्याची आहे. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपली गाडी जळाली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. गाडीतल्या मालाचा विमा तर पूर्ण विमा घेणाऱ्यालाही वेगळा उतरवावा लागतो. तेव्हा जो बांधव विम्यापासून दूर राहतो, त्याच्यावर खबरदारीचे कर्तव्य दुप्पट येते. विमाही नाही आणि अग्निशामकही नाही, याला परहेजगारी म्हणता येणार नाही.

अग्निशामकाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जणांचा अंत झाला. अशा भडक्यापुढे लहान यंत्र काही करू शकत नाही. पण सगळ्या आगी एकदम भडकत नाहीत. ढिल्या वायरीची ठिणगी, गळकी इंधन नळी, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार, सायलेन्सरला टेकलेला कपडा, अशा कारणांनी लागलेली आग प्रथम लहानच असते. ती पहिली एक-दोन मिनिटे आपल्या हातात असतात. अग्निशमन दलाची गाडी तेवढ्यात हायवेवर पोहोचत नाही.

यंत्र घेताना आयएसआय चिन्ह असलेले, 'एबीसी' प्रकारच्या कोरड्या पावडरीचे घ्यावे. मोटारीला एक किलोचे, टेम्पोला किमान दोन किलोचे असावे. टेम्पोच्या एका टायरपेक्षा त्याची किंमत कमीच असते. ते मालाखाली किंवा डिकीत न ठेवता चालकाच्या हाताशी पट्ट्याने घट्ट बसवावे. काट्याची सुई हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दरमहा पाहावे. हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून ते उलटे करून हलवावे.

आग दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवावे आणि १०१ किंवा ११२ ला कळवायला सांगावे. वाऱ्याकडे पाठ करून, पिन काढून, ज्वालेच्या बुडाशी फवारा मारावा. एक किलोची पावडर आठ-दहा सेकंदांत संपते, ती हवेत वाया घालवू नये. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते सताड उघडू नये, हवा मिळून आग भडकते. किंचित फटीतून फवारा मारावा. कापूस, गाद्या किंवा कापडाच्या गाठी पेटल्या तर ज्वाला विझली तरी आत निखारा धुमसत राहतो, म्हणून गाठ मोकळी करून पाणी ओतावे लागते. पेट्रोल-डिझेलच्या आगीवर मात्र पाणी टाकू नये. सीएनजीची टाकी किंवा विजेवरच्या गाडीची बॅटरी पेटली असेल तर यंत्राच्या भरवशावर थांबू नये, दूर जावे. जीव ही सर्वांत मोठी अमानत आहे.

आखातात नोकरी करून आलेल्या आपल्या बांधवांना गाडीतले अग्निशामक नवीन नाही. तिथे पाळलेली शिस्त गावी परतल्यावर सुटते, ती का सुटावी? बाजारातील व्यापारी संघटनांनी एकत्र खरेदी करावी. एखाद्या जुम्याला नमाजनंतर अग्निशमन दलाच्या जवानाला बोलावून चालक, क्लीनर आणि गॅरेजमधील पोरांच्या हातात यंत्र देऊन सराव करून घ्यावा. न वापरता येणारे यंत्र असून नसल्यासारखेच.

काचेवरचे बिस्मिल्लाह राहू द्या. पण बिस्मिल्लाह म्हणून जे काम सुरू करायचे, त्यात उंट बांधण्याचे कामही येते, हे विसरू नका.