सही मागता, मग वेळही द्या!



काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या एका पहाटे उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीच्या एसी डब्यात जळका वास सुटला. प्रवासी घाबरले, साखळी ओढली गेली, गाडी उभी राहिली. सुदैवाने आग नव्हती. छतावरच्या युनिटमधील हीटर त्या हंगामात पहिल्यांदाच लागला होता आणि त्यावर महिनोन्‌महिने साचलेली धूळ करपली होती. चौकशीत रजिस्टर उघडले गेले. त्यात 'कूलिंग ठीक, हीटिंग ठीक' असा शेरा होता आणि खाली आमच्या एका एसी मेकॅनिकची सही होती. त्याला एस.एफ. 11 चे चार्जशीट मिळाले.

तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, हीटर मी लावून पाहिला नाही हे खरे आहे. पण पाहायला वेळ कोणी दिला होता?"

आम्ही त्याचा बचाव लढलो, शिक्षा सौम्य झाली. परंतु त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कारण "वाद नको, सही कर, गाडी सोड" असे आम्हीही त्याला पूर्वी एकदा सांगितले होते. म्हणून हा लेख प्रशासनाइतकाच आमच्या स्वतःसाठीही आहे.

ज्या बांधवांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एलएचबी एसी डब्याच्या दोन्ही टोकांना छतावर एकेक पॅकेज युनिट असते. प्रत्येक युनिट साधारण सात टनांचे असते आणि त्यात दोन कॉम्प्रेसर, कंडेन्सरचे पंखे, हवा डब्यात ढकलणारा ब्लोअर आणि विजेवरचा हीटर एकाच पेटीत बसवलेले असतात. उन्हाळ्यात गॅस आतली उष्णता बाहेर टाकतो. थंडीत कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटर लागतो. मुंबईहून फिरोजपूरला जाणारी पंजाब मेल घ्या. जानेवारीत मुंबईत डबा थंड करावा लागतो आणि दिल्लीच्या पुढे तोच डबा गरम करावा लागतो. एका फेरीत एकाच पेटीकडून दोन कामे! परंतु ज्या डेपोत डिसेंबरातही घाम येतो तिथे हीटर लावून पाहण्याची आठवण कोणाला राहणार? इटारसी, झाशीकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे न झालेल्या तपासणीच्या तक्रारी त्यांनाच ऐकाव्या लागतात.

आता युनिट चालू करून तपासणे म्हणजे काय? बटन दाबले आणि गार वारा आला, म्हणजे तपासणी झाली असे नव्हे. आधी व्होल्टेज पाहायचे. पॉवर कारमधून किंवा इंजिनातून येणारा 750 व्होल्टचा पुरवठा डब्यातील ट्रान्सफॉर्मर 415 वर आणतो. तिन्ही फेज आहेत ना, त्यांचा क्रम बरोबर आहे ना, हे पाहायचे. क्रम उलटा झाला तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो. आवाज करतो, दाब मात्र बनवत नाही, आणि तसाच चालू ठेवला तर कामातून जातो. मग पहिल्यांदा ब्लोअर, नंतर कंडेन्सरचे पंखे आणि शेवटी कॉम्प्रेसर. हा क्रम यंत्रातच बांधलेला आहे. कोणी 'तात्पुरती' वायर जोडून तो तोडला असेल तर ती वायर काढल्याशिवाय गाडी देता कामा नये. त्यानंतर अँपियर घ्यायचे, आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक पाहायचा, फिल्टर काढून धुवायचे, पाण्याची निचरा नळी मोकळी करायची.

एवढे झाले तरी अर्धेच काम झाले. आता हीटर. ब्लोअर बंद असताना हीटर लागता कामा नये. वारा थांबला की तो बंद पडतो ना, जादा तापला की संरक्षक थर्मोस्टॅट त्याला तोडतो ना, हे प्रत्यक्ष करून पाहावे लागते. धूळ झाडावी लागते. गार वारा आला नाही तर प्रवासी तक्रार करतो. परंतु हीटरचे संरक्षण काम करत नसेल तर तक्रार करायलाही वेळ मिळणार नाही.

आता साधा हिशेब मांडू. एका युनिटला दोन्ही चाचण्या मिळून फक्त वीस मिनिटे धरा. एका डब्याला दोन युनिटे, गाडीला दहा एसी डबे. म्हणजे चारशे मिनिटे, सहा तास चाळीस मिनिटे. दोन मेकॅनिक असले तरी तीन तास वीस मिनिटे, आणि त्यात एकही दुरुस्ती धरलेली नाही. गाडी उशिरा येते, सुटण्याची वेळ मात्र ठरलेली असते. मधला वेळ कोणाच्या वाट्यातून कापला जातो? मेकॅनिकच्या. प्रशासन म्हणेल, "हल्लीची युनिटे स्वतःच दोष दाखवतात." खरे आहे, मायक्रोप्रोसेसर दोषाचा कोड दाखवतो. परंतु तो धूळ झाडत नाही, आणि जोडलेली चोरवायर त्याला दिसतेच असे नाही.

छतावरच्या कामाविषयी तर जास्तच स्पष्ट बोलले पाहिजे. वर 25,000 व्होल्टची तार आहे. चालू तारेपासून दोन मीटरच्या आत जायचे नाही, हा नियम आहे. पुरवठा बंद करून, तार अर्थ करून, लेखी परमिट हातात आल्याशिवाय छतावर पाय ठेवायचा नाही. "पाच मिनिटांचे काम आहे, पटकन ये" असे कोणीही सांगितले, मग तो साहेब असो वा आपल्याच संघटनेचा पदाधिकारी, तरी चढू नका. पाच मिनिटांत कुटुंब उघड्यावर पडते.

गॅसचेही तेच. जुना आर-22 ओझोनच्या थराला घातक, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार भारत तो 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करत आहे. त्याच्या जागी आलेला आर-407सी हे तीन वायूंचे मिश्रण आहे. तो सिलिंडरमधून द्रवरूपातच भरावा लागतो, नाहीतर मिश्रणाचे प्रमाण बिघडते. गळती शोधताना कोरडा नायट्रोजन वापरायचा, ऑक्सिजन कदापि नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. हे ज्ञान चार दिवसांपूर्वी ठेकेदाराने आणलेल्या मुलाला कोण देणार? त्या मुलावर आमचा राग नाही, तोही आपलाच आहे. राग त्याला प्रशिक्षणाशिवाय छतावर चढवणाऱ्या पद्धतीवर आहे. ठेका कामगारांसाठीचा 1970 चा कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेत ही मर्यादा पन्नास झाली आहे. म्हणजे लहान ठेकेदाराकडचा माणूस आणखी उघडा पडला. म्हणून त्याला संघटनेत घेणे, हे आता उपकाराचे नव्हे तर आपल्या सुरक्षिततेचे काम आहे.

टपाल खात्यातील बांधवांनो, हे तुम्हाला परके वाटणार नाही. आमच्याकडे एस.एफ. 11, तुमच्याकडे रूल 16. काम वाढते, माणसे कमी होतात, रजिस्टरचे रकाने मात्र पूर्ण भरलेले लागतात. न मोजलेल्या रकमेखाली किंवा न तपासलेल्या पिशवीच्या नोंदीखाली सही करण्याची पाळी तुमच्यावरही येते.

आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक गाडीसाठी एसी तपासणीचा किमान वेळ लेखी ठरवा आणि त्या हिशेबाने माणसे द्या. हीटिंगची चाचणी बारमाही करा, विशेषतः ऑक्टोबर संपण्यापूर्वी प्रत्येक डब्याची. रजिस्टरमध्ये 'वेळेअभावी चाचणी झाली नाही' असा रकाना ठेवा आणि तो भरणाऱ्याला शिक्षा करू नका. छतावर जाणाऱ्या प्रत्येकाला, कायम असो वा ठेक्यावरचा, सारखेच प्रशिक्षण आणि सारखीच साधने द्या.

आणि सदस्यांनो, तुमच्याकडेही एक मागणी आहे. तो रकाना मिळेपर्यंत तीच ओळ शेऱ्यात आपल्या हाताने लिहा आणि एक प्रत शाखेत द्या. ज्याने ती लिहिली त्याच्यामागे संघटना उभी राहील. यापुढे आम्ही कोणालाही "सही कर, गाडी सोड" असे सांगणार नाही. आम्ही तसे सांगितलेच, तर शाखेच्या सभेत उठून आम्हाला जाब विचारा.

कामगार एकजूट झिंदाबाद!