माईक कोणाचा, तोंड कोणाचं?

१९९१ साली अमेरिकेत सीबीएसवर 'गुड स्पोर्ट्स' नावाची विनोदी मालिका आली आणि त्याच वर्षी गाशा गुंडाळून गेली. १५ भागांत खेळ खल्लास! गोष्ट अशी: बॉबी टॅनन हा अमेरिकन फुटबॉलचा उतरणीला लागलेला हिरो. त्याला स्पोर्ट्स चॅनेलवर निवेदकाची नोकरी मिळते आणि शेजारच्या खुर्चीत बसलेली असते त्याची जुनी ओळखीची बाई. कामं केली रायन ओ'नील आणि फॅरा फॉसेटनी. ते खऱ्या आयुष्यातही जोडपं होतं.

माझं स्पष्ट मत: विषय फर्स्ट क्लास होता, पण जोडी विकायच्या नादात वाया घालवला. खरा मसाला होता चॅनेलच्या मालकात. हे पात्र टेड टर्नरवर बेतलेलं. ज्याच्या पळण्यावर स्टेडियम नाचायचं, त्याच्या तोंडाला आता मालक आहे! यापेक्षा मोठा विनोद कुठला?

"आपल्याकडे असं कुठे असतं?" असं म्हणणाऱ्यांनी जरा आठवून बघावं. संजय मांजरेकर ३७ कसोट्या खेळलेला माणूस. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये जडेजाबद्दल एक वाक्य बोलला आणि केवढा गदारोळ झाला. मार्च २०२० मध्ये बोर्डाच्या पॅनलमधून नाव गेलं. पुढे, "तुमचे नियम पाळीन, परत घ्या" अशा अर्थाची मेल त्याने बोर्डाला लिहिल्याच्या बातम्या आल्या. पटलं नाही तरी गप्प बसून अप्रेझल सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नव्याने सांगायला हवं का?

आणि पुण्याचा केदार जाधव! २०२३ च्या आयपीएलमध्ये मराठी कॉमेंट्री करत होता. मे महिन्यात बंगळुरूने थेट संघात घेतला. माईक ठेव, बॅट उचल! असा एपिसोड कुणी लिहिला असता तर आपणच म्हणालो असतो, "कायच्या काय दाखवतात राव."

पण आपल्या चॅनेलवाल्यांना खेळाडू हवा असतो तो पाहुणा म्हणून. हसायचं, टाळ्या घ्यायच्या, निघायचं. मैदान सुटल्यावर त्याचं काय होतं, यावर मालिका? छे, देवाची थट्टा कशी करायची!

लेखकांना फुकटचा सल्ला: एकदा आमच्या जुन्नरकडे जत्रेला या. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवल्यापासून बैलगाड्यांचे घाट, म्हणजे चढावरच्या धावपट्ट्या, पुन्हा गाजताहेत. तिथला निवेदक ऐका. सरपंचाचं कौतुक करतो, देणगीदारांची नावं घेतो, गाडामालकाला डोक्यावर घेतो. पोटापाण्याचा प्रश्न आहे, करावंच लागतं. पण बारी पळाली की सेकंद मात्र घड्याळात असतील तेवढेच सांगतो. कारण दोन्ही बाजूंना उभ्या पब्लिकने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खोटं बोलला तर लोक तिथेच वाभाडे काढतील.

टीव्हीवरच्या माजी खेळाडूला ही सोय नाही. त्याला दिसतंही, कळतंही, आणि तरी "ग्रेट एफर्ट" म्हणावं लागतं. यावर हसवणारी आणि हसता हसता टोचणारी मालिका लिहायला हिंमत लागते. स्टार जोडी नाही लागत.

आहे का कुणाची तयारी? की पुन्हा सासू-सूनच?