ठोका, पण जपून!

रात्रीचे पावणेतीन. धडाम! मला वाटलं, सिलिंडर फुटला. रूममेटच्या खोलीत जाऊन लाइट लावला, तर तिच्या उशीवर तीन फुटी शेल्फ उताणं पडलेलं. सोबत दोन ब्रॅकेट, ओंजळभर प्लास्टर आणि तिची एमबीएची समस्त ठोकळेबाज पुस्तकं. फक्त उशीवर ती नव्हती. त्या आठवड्यात तिची नाइट शिफ्ट होती, म्हणून!

शेल्फ लावलं कोणी होतं? अस्मादिकांनी. कशाच्या जोरावर? उसनं आणलेलं ड्रिल, दोन व्हिडिओ आणि ओसंडून वाहणारा कॉन्फिडन्स. सकाळी सातला ती घरी आली, उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन झोपली. दोन दिवस अबोला.

तुम्ही म्हणाल, मिस्त्री का नाही बोलावला? बोलावला होता ना, चार वेळा! पण ज्यांना आख्ख्या किचनची कामं मिळतात, ते एका फळीसाठी कोथरूडच्या टोकाला कशाला येतील? "मॅडम, कल आता हूं" हे वाक्य महिनाभर ऐकल्यावर माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. मी मास कॉमवाली आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. पिंपरीच्या एका कारखान्यात, पॅटर्न शॉपमध्ये, अख्खी नोकरी काढलेला माणूस. लोखंड ओतण्याआधी त्या पार्टचा लाकडी नमुना बनवतात, ते हे खातं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना तेवढाच किंचित मोठा करायचा, इतकं बारीक काम. त्यांनी माझ्या भोकात करंगळी घातली. ती आरामात आत गेली.

"अगं, हे भोक आहे की उंदराचं बीळ?"

"काका, प्लग ढिला बसत होता, म्हणून काडेपेटीच्या काड्या कोंबल्या..."

"आणि स्क्रू केवढा घेतलास?"

"पस्तीस एमएम."

"त्यातले पंधरा प्लास्टरमध्येच गेले की! स्क्रू विटेला नुसता शिवून आलाय."

तर मंडळी, या महागड्या क्लासमधून मिळालेले फंडे तुम्हाला फुकटात. पहिला फंडा भिंतीचा. भिंतीला बाहेरून प्लास्टर असतं, साधारण १२ ते १५ मिलिमीटर. त्यात वजन पेलायची ताकद नसते. प्लग आणि स्क्रू त्याच्या पलीकडे, खऱ्या भिंतीत पोचला पाहिजे. म्हणून शेल्फसाठी किमान ५० एमएमचा स्क्रू. आणि ६ एमएमच्या प्लगला ६ एमएमचंच बिट. ड्रिल धरताना हात डगमगला की भोक मोठं होतं, प्लग आत गरागरा फिरतो आणि मग माणूस काड्या शोधतो.

दुसरं म्हणजे भुकटी बघायची. लाल आली तर वीट, बिनधास्त पुढे जा. राखाडी आली आणि बिट पुढे सरकेना, तर तो आरसीसीचा कॉलम किंवा बीम. आत सळ्या असतात, तिथे साध्या ड्रिलने मारामारी करू नका, जागा बदला. पांढुरकी आणि पिठासारखी मऊ आली, तर ते एएसी ब्लॉक, नव्या टॉवर्समध्ये सर्रास वापरतात तसले हलके. यात ड्रिल लोण्यासारखं शिरतं, म्हणून आपण खूश होतो. पण नेहमीचा प्लग तितक्याच सहजपणे बाहेरही येतो! इथे हॅमर मोड बंद ठेवायचा आणि हलक्या ब्लॉकसाठी मिळणारा लांब प्लग मागायचा. माझी भिंत कुठली, हे तुम्ही ओळखलंच असेल. काकांनी एका वाक्यात निकाल दिला, "ही भिंत नाही गं, केक आहे."

आणि वजनाचं काय? फूटभर रुंदीत उभ्या लावलेल्या जाड पुस्तकांचं वजन सहज आठ-दहा किलो होतं. म्हणजे तीन फुटी शेल्फवर पंचवीस-तीस किलो. हे मी "दोन-चार पुस्तकं तर आहेत" म्हणून उशीच्या बरोब्बर वर टांगलं होतं.

आता शॉपिंग! ड्रिल विकतच घ्या, उसनं नको. हॅमर मोड असलेलं साधं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल दोन-तीन हजारांत मिळतं आणि भाड्याच्या फ्लॅटमधल्या जिवाला ते पुरतं. कॉर्डलेस दिसतं एकदम कूल, फर्निचरचे स्क्रू पिळायला बेस्टच, पण त्यातलं स्वस्त मॉडेल भिंतीसमोर लगेच दमतं. बिट तीन प्रकारची. भिंतीचं, लाकडाचं आणि धातूचं. भिंतीचं बिट लाकडात घातलं की भोकाचा चिवडा होतो. आणि लाकडात स्क्रू पिळण्याआधी त्याच्यापेक्षा बारीक भोक पाडून घ्यायचं. आठ नंबरच्या स्क्रूला ३ एमएमचं. नाहीतर प्लायची कड उभी चिरते.

एक सिरीयस गोष्ट. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच रेषेत आडवं भोक कधीही पाडू नका. कन्सिल्ड वायरिंग बहुतेक वेळा तिथूनच जातं. बाथरूमच्या मागच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात, तिथेही तेच. डोळ्यांवर गॉगल हवाच, साधा प्लास्टिकचा चालेल. ओढणी काढायची, केस बांधायचे आणि ड्रिल चालवताना हातमोजे घालायचे नाहीत. हे मलाही उलटं वाटलं होतं, पण फिरतं बिट मोजा पकडतं आणि सोबत हातही ओढतं.

मापाच्या हत्यारांना आपण अगदीच भाव देत नाही. मी तर भिंतीवर मोबाइलच्या बॉक्सने रेघ मारली होती! पाच मीटरची टेप, एक गुण्या आणि एक छोटी पाणसळ, एवढंच पाहिजे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची सुताराची पट्टी. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीतला तो बुडबुडा. फोनमध्येही तसलं अ‍ॅप असतं, पण कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर फोन डुगडुगतो आणि शेल्फ तिरकं होतं. आणि दुकानात जाण्याआधी 'सूत' शिकून जा. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ एमएम. "सहा सूत प्लाय द्या" म्हणालात, की काउंटरवरच्या माणसाची नजर बदलते. १९ एमएमचं प्लाय म्हणजेच ते. पुस्तकांच्या शेल्फला याहून पातळ घेऊ नका, मधून झोळ पडतो. प्लायचा पूर्ण शीट आठ बाय चारचा असतो. तो लिफ्टमध्ये मावत नाही. मापं लिहून न्या, बऱ्याच दुकानांत कापून देतात.

तरीही एक करवत घरात असावी. पेन्सिलची रेघ जपायची आणि टाकाऊ बाजूने कापायचं, कारण करवतीचं पातंही एखाद-दीड एमएम लाकूड खातं. सुरुवात करताना करवत एक-दोनदा आपल्याकडे हलकेच ओढायची, खाच पडली की मग जोर. पटाशी एकच घ्या, पण धारवाली. बोथट पटाशी जास्त धोक्याची, कारण ती जोर मागते आणि मग सटकते. दोन्ही हात कायम धारेच्या मागे. रंधा मला फार आवडला, काकांच्या हातातून लाकडाच्या पापुद्र्यांची काय सुंदर वेटोळी पडतात! पण तो पहिल्या वर्षात घेऊ नका. आपण प्लायवाले, त्याचं काय करणार?

चिकटवायला फेव्हिकॉल, हे सांगायला नकोच. १९५९ मध्ये तो आला, त्याआधी सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला. तो दरवेळी गरम करून पातळ करायचा. काकांनी शिकाऊ असताना उकळला आहे. "वास विचारू नकोस," एवढंच म्हणाले. पण नुसतं फासून भागत नाही, सांधा दाबून ठेवावा लागतो. त्यासाठी दोन सी-क्लॅम्प, आणि रात्रभर थांबायचा पेशन्स. पॉलिश पेपर आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. नंबर वाढला की पेपर बारीक.

आणि एक 'अजिबात नाही'! ग्राइंडरला लाकूड कापायचं चक्र लावून प्लाय कापणारे बहाद्दर साइटवर खूप दिसतात. ते चक्र लाकडात अडकलं की मशीन उलटं उसळतं. दहा बोटांवर आपला कीबोर्ड चालतो, लक्षात ठेवा.

हे सगळं घ्यायला ऑनलाइन आहेच. पण एकदा रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन बघा. गाडी मात्र लांब कुठेतरी लावा. हातात धरून करवतीचं वजन बघता येतं, आणि एकच प्लग सुटा मागितला तरी कुणी वाईट तोंड करत नाही. ड्रिल धरून माझं सगळं बिल पाच हजारांच्या आत बसलं. यात काकांचे चहा धरलेले नाहीत.

नवीन शेल्फ आम्ही एका शनिवारी सकाळी लावलं. सकाळीच, कारण हे पुणं आहे, दुपारी एक ते चार ड्रिल लावलं असतं तर सोसायटीने आम्हालाच भिंतीला लावलं असतं! लांब प्लग, दोनाऐवजी तीन ब्रॅकेट, मध्ये पाणसळ. बेडसमोरच्या भिंतीवर, खाली फक्त चपलांचं कपाट. काकांनी दोन्ही हातांनी त्यावर भार टाकून बघितला, काही बोलले नाहीत, चहा मागितला. मी ते प्रमाणपत्र समजते.

याला आता आठ महिने झाले. शेल्फ जागचं हललेलं नाही. रूममेट अजूनही पायथ्याकडे उशी घेऊन झोपते.