वर्गात वाद हवाच

‘शाळेत वाद नकोत’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत इतक्या सहज उच्चारलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. आठवीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला एखादा मुलगा आरक्षणाबद्दल विचारतो, मागच्या बाकावरून टोमणा येतो, दोन-तीन चेहरे उतरतात आणि बाई घाईने म्हणतात, ‘ते परीक्षेला नाही.’ वर्ग गप्प होतो, पण वाद मिटत नाही. तो मधल्या सुट्टीत जातो, संध्याकाळी मोबाइलवर जातो आणि तिथे ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं विचारणारं कुणी नसतं.

मुलं लहान आहेत, हा पहिला आक्षेप. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या २००९च्या शिक्षणहक्क कायद्याला तसं वाटत नाही. मुलाला भयमुक्त करणं आणि त्याला मोकळेपणाने मत मांडायला मदत करणं, या गोष्टी अभ्यासक्रम आखताना विचारात घ्याव्यात, असं त्याचं २९वं कलम सांगतं. आठवीतली मुलं तर आणखी चार-पाच वर्षांनी मतदान करणार आहेत. ऐकून घ्यायला ती कुठे शिकणार?

‘आमच्याकडे वादविवाद स्पर्धा होतेच की’, हा दुसरा. मला हा आक्षेप सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो समाधान देतो. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडून काढणं ही वितंडा. चिठ्ठी काढून बाजू ठरवायची, घरून लिहून आणलेलं भाषण घोकायचं, करंडक न्यायचा, हा जल्प झाला. त्यात वक्तृत्व घडतं, हे मी नाकारत नाही. पण समोरच्याचं ऐकून माझं मत थोडं हललं, असं म्हणणाऱ्या मुलाला तिथे गुण मिळत नाहीत. वादाची रीत आपल्याच शास्त्रग्रंथांत आहे: आधी पूर्वपक्ष, तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मग उत्तर. वर्गात नियम एवढाच करावा. ‘तुझं म्हणणं असं आहे ना?’ असं विचारून, समोरच्याने ‘हो, असंच’ म्हटल्यावरच स्वतःचं बोलायचं. पहिल्या काही तासांत निम्मी भांडणं या पायरीवरच विरतात, कारण समोरचा ते बोललेलाच नसतो.

शिक्षक आपली मतं मुलांवर लादतील, ही भीती मात्र खरी आहे. १९७०च्या दशकात पश्चिम जर्मनीत राजकीय शिक्षणावरून डावे आणि उजवे असेच एकमेकांवर संशय घेत होते. १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी दोन्हीकडचे तज्ज्ञ जमले आणि त्या चर्चेतून तीन सूत्रं निघाली. विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही. जे समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि स्वतःचं हित ओळखून विचार करायला विद्यार्थ्याला समर्थ करायचं. यात शिक्षकाला गप्प बसवलेलं नाही, त्याचे हात मात्र बांधले आहेत. आपल्याला हेच हवं.

तरीही प्रत्येक गोष्टीला दोन बाजू नसतात. अस्पृश्यतेचा प्रश्न घटनेच्या १७व्या कलमाने संपवला आहे. त्यावर मतं मागवणं हा वर्गातल्या एखाद्या मुलीचा अपमान आहे. आरक्षणाचे निकष, त्याची मर्यादा यांवर प्रामाणिक मतभेद आहेत, ते जरूर बोलावेत. पण कुणालाही ‘तू त्या समाजाचा, तूच सांग’ म्हणून उभं करू नये. त्यापेक्षा निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात, बाईंनी त्या वाचून दाखवाव्यात.

हे सगळं बाईंनी एकटीने पेलावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आसपासच्या शाळांतले शिक्षक जिथे एकत्र येतात, त्या केंद्रपातळीवरच्या शिक्षण परिषदेत माहिती भरण्याच्या सूचनांमधून एक तास यासाठी मोकळा करावा. शिक्षकांनीच मुलं व्हावं, एकाने टोमणा मारावा, दुसऱ्याने तास सांभाळून दाखवावा. आणि पालक तक्रार घेऊन आले, तर मुख्याध्यापकांनी बाईंकडे खुलासा मागण्याआधी त्यांची टाचणवही पालकांपुढे ठेवावी, पुढच्या तासाची वेळ सांगावी आणि मागच्या बाकावर येऊन बसायचं आमंत्रण द्यावं.