दंड आणि शिस्त

शाळेत नवे शिक्षक येणार अशी वार्ता लागली की मुलांच्या घोळक्यात पहिला प्रश्न निघतो तो एकच : "कडक आहेत का?" त्यांचे ज्ञान किती, शिकविण्याची हातोटी कशी, याची चौकशी मागाहून होते, कधी होतही नाही. जो कडक तो वाईट आणि जो सैल सोडतो तो चांगला, असा मुलांचा सोपा हिशेब असतो. मोठी माणसे नेमका याच्या उलट हिशेब मांडतात. शिक्षक जितका कडक तितकी शाळा उत्तम, असे ते धरून चालतात. त्या कडकपणाने मुलांच्या मनात काय पेरले, हे पाहण्याची त्यांना गरज वाटत नाही. हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत. ते का अपुरे, हे पाहायचे असेल तर राजकोटच्या एका शाळेत एका मुलाला झालेला एक-दोन आण्यांचा दंड ध्यानात घेण्यासारखा आहे.

तो मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. १८८० साली तो तेथील हायस्कुलात दाखल झाला आणि १८८७ साली मॅट्रिकची परीक्षा उतरला. त्या शाळेचे मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी हे शिस्तीचे मोठे भोक्ते होते. काम पद्धतशीर, शिकविणे उत्तम. त्यामुळे कडक असूनही ते विद्यार्थ्यांना प्रिय होते. (कडक माणूसही मुलांना आवडू शकतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.) वरच्या वर्गांतील मुलांना त्यांनी व्यायाम आणि क्रिकेट सक्तीचे केले. मोहनदास स्वभावाने लाजाळू. खेळाच्या मैदानाकडे तो कधी फिरकला नव्हता. शिवाय शाळा सुटताच घरी धावावे आणि वडिलांची शुश्रूषा करावी, ही त्याच्या जिवाची ओढ होती. व्यायामातून सूट मिळावी म्हणून त्याने मुख्याध्यापकांना विनंती केली. त्यांनी ती मानली नाही.

एका शनिवारी शाळा सकाळची होती आणि व्यायामाची वेळ दुपारी चारची. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. आकाशात ढग दाटलेले, त्यामुळे दिवस किती वर आला आणि किती कलला याचा अंदाज चुकला. मोहनदास पोहोचला तेव्हा सारी मुले निघून गेली होती. पुढे हजेरी तपासताना गिमीसाहेबांना त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण दिसली. त्यांनी कारण विचारले. घडले ते त्याने जसेच्या तसे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी दंड ठोठावला.

एक आणा किंवा दोन आणे! सोळा आण्यांचा रुपया होत असे, हे आता मुलांना मुद्दाम सांगावे लागते. रक्कम क्षुल्लक होती. पण मोहनदास खूप रडला. पैसे गेले म्हणून तो रडला नाही. आपण खोटे बोललो असे ठरले, याचे त्याला दुःख होते. आपण खरे बोललो हे आता सिद्ध करावे तरी कसे, याला त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

येथे मुख्याध्यापकांचे चुकले काय? चुकले, यात शंका नाही. परंतु त्यांचे कुठे चुकले हे नीट पाहिले पाहिजे, नाहीतर भलत्याच गोष्टीला दोष दिला जाईल. व्यायामाचा नियम करणे ही चूक नव्हती. खुद्द गांधींनीच पुढे लिहून ठेवले आहे की, व्यायामाला शिक्षणात स्थान नाही ही आपली तेव्हाची समजूत खोटी होती. गैरहजेरीची चौकशी करणे हीही चूक नव्हती; उलट त्यांनी हजेरी स्वतः तपासली आणि शिक्षेपूर्वी कारण विचारले, ही दक्ष मुख्याध्यापकाची लक्षणे होत. वेळ चुकल्याबद्दल म्हणून दंड केला असता, तर त्या मुलाने तो बहुधा मुकाट्याने भरला असता. चूक झाली ती एका क्षणात. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडचे सत्य त्यांना ओळखता आले नाही.

आता ते का ओळखता आले नाही, याचाही विचार केला पाहिजे, आणि तो विद्यार्थ्यांनी विशेष केला पाहिजे. मुख्याध्यापकाच्या खोलीत रोज किती कारणे येत असतात! एकाचे पोट दुखते, एकाची आजी आजारी पडते, एकाची वही गाय खाते. त्यांपैकी काही कारणे खरी असतात, पुष्कळशी नसतात. खोटे कारण सांगणाऱ्या मुलाला वाटते की, आपण शिक्षकाला फसविले आणि शिक्षा चुकविली. प्रत्यक्षात तो आपल्याच एका सोबत्याला फसवीत असतो. पन्नास खोटी कारणे ऐकलेल्या कानाला एकावन्नावे खरे कारणही खोटेच वाटते, आणि त्याचे प्रायश्चित्त त्या एकावन्नाव्या मुलाला भोगावे लागते. मोहनदासाच्या आधी त्या मुख्याध्यापकांच्या पुढे कोण कोण येऊन काय काय सांगून गेले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्या मुलाने मात्र या प्रसंगातून स्वतःपुरता एक धडा घेतला, आणि तो विलक्षण आहे. मुख्याध्यापक अन्यायी आहेत, ढग फसवे आहेत, असे म्हणून तो थांबला नाही. ज्याला खरे बोलायचे आहे त्याने सावधही राहिले पाहिजे, असे त्याला वाटले. शाळेतील त्याची ही पहिली आणि शेवटची बेसावधी. पुढे तो दंड माफ झाला असावा, असे त्यांना अंधुक आठवत होते. व्यायामातून सूट तर निश्चितच मिळाली. कारण शाळा सुटल्यावर मुलगा आपल्याला घरी हवा आहे, असे वडिलांनी स्वतः मुख्याध्यापकांना लिहून कळविले. मुलाच्या शब्दाने जे झाले नाही ते वडिलांच्या चिठ्ठीने झाले! कडक शाळांना ही गोष्ट थोडी टोचली पाहिजे.

अशा वेळी मराठी मुलांना दुसरी एक गोष्ट हटकून आठवते. वर्गात शेंगांची टरफले पडलेली दिसली, शिक्षक सर्वांनाच शिक्षा करू लागले, तेव्हा बाळ टिळकाने, आपण शेंगा खाल्लेल्या नाहीत, म्हणून शिक्षा घेणार नाही, असे ठणकावून सांगितले, अशी ती आख्यायिका आहे. मोहनदास रडला आणि बाळ अडून बसला. म्हणून दुसरा शूर आणि पहिला दुबळा असे कोणी म्हणू नये. दोघांनाही शिक्षेच्या वेदनेपेक्षा खोट्या ठपक्याची वेदना अधिक झाली. टिळकांच्या गोष्टीतील बळ त्यांच्या नकारात जितके आहे, त्याहून अधिक ते शेंगा न खाण्यात आहे, हे विसरले की घोटाळा होतो. ज्याच्या खिशात शेंगा आहेत त्यानेही हीच गोष्ट पुढे करावी, असा विनोद शाळांतून अधूनमधून घडत असतो.

एका शिक्षेबद्दल तर लिहिण्याचे आता कारणच उरू नये, पण उरते. ती शिक्षा छडीची. पूर्वी छडीवाचून शाळा चालत नाही असे शहाणीसुरती माणसेही म्हणत. गांधींनाही लहान वर्गात असताना एकदा मार बसला होता. माराचे काही नाही, पण आपण मारास पात्र ठरलो, याचे आपल्याला रडू आले, असे त्यांनी लिहिले आहे. २००९ साली आपल्या देशात बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी केलेल्या या कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. यातील दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. हात न उगारताही मुलाला मारता येते. साऱ्या वर्गापुढे केलेली कुचेष्टा, घरच्या गरिबीचा काढलेला उल्लेख, 'तुझ्याने काही होणार नाही' हे रोजचे पालुपद, यांचे वळ दिसत नाहीत. पण ते पुष्कळ दिवस टिकतात.

यावर कोणी विचारील की, छडी गेली, दरारा गेला, मग शिस्त राहणार तरी कशाने? या प्रश्नाचे एक उत्तर खानदेशात अमळनेरला मिळते. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांचे छात्रालयही त्यांच्याकडे होते. मुले आपले अंथरूण तसेच टाकून शाळेत जात, खोल्या अस्ताव्यस्त पडत. गुरुजींनी दंडाची पाटी लावली नाही. ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे आवरून ठेवीत. मुलांनी चांगले वाचावे एवढा उपदेश करून ते थांबले नाहीत; त्यांच्यासाठी ते 'छात्रालय दैनिक' नावाचे पत्र आपल्या हाताने लिहून काढीत. नियम करणे सोपे असते. तो आपल्या देहाने पाळून दाखविणे कष्टाचे असते. घंटेनंतर दहा मिनिटांनी वर्गात येणारा शिक्षक उशिराबद्दल मुलांना उभे करतो, तेव्हा मुले उभी राहतात खरी. परंतु मनात ती घड्याळाकडे पाहत असतात. प्रत्येक शिक्षकाला गुरुजींइतके करता येणार नाही, साठ-साठ मुलांच्या वर्गात तर नाहीच. वेळेवर येणे, वह्या तपासून परत देणे, आपले चुकले तर वर्गात तसे सांगणे, एवढे मात्र कोणालाही करता येते. जो एवढे करतो त्याला मुलांकडून पुष्कळ मागण्याचा अधिकार असतो, आणि त्याने तो वापरावाही.

प्रेमळ शिक्षक म्हणजे काहीच न मागणारा शिक्षक, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्यासाठी पुन्हा राजकोटच्या शाळेत जावे लागेल. तेथे कृष्णशंकर पंड्या हे संस्कृत शिकवीत. ते फार करडे होते. सारे पाठ झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. शेजारच्या फारसीच्या वर्गातील शिक्षक सौम्य होते. फारसी सोपी आहे आणि शिक्षक समजूतदार आहेत, अशी मुलांत बोलवा होती. पाठांतराला कंटाळलेला मोहनदास एके दिवशी उठला आणि फारसीच्या वर्गात जाऊन बसला. फारसी भाषेत काही उणे होते असे नव्हे. तो भाषेसाठी गेलाच नव्हता, सुटकेसाठी गेला होता.

संस्कृतच्या शिक्षकांना याचे दुःख झाले. करड्या शिक्षकाला संताप येईल, अशी कोणाचीही अपेक्षा असते. त्यांनी त्याला जवळ बोलावले. तुझ्या वडिलांच्या धर्माची भाषा तुला शिकायची नाही काय, असे विचारले. अडचण होती तर माझ्याकडे का आला नाहीस, मला जे येते ते तुम्हां मुलांना शिकवायचेच आहे, पुढे गेलास की यात गोडी वाटेल, पुन्हा वर्गात ये, असे सांगितले. मुलगा शरमला आणि परतला.

ते करडेपण कोठून येत होते, हे मोहनदासाला तेव्हा प्रथम कळले असावे. पाठांतर सक्तीचे होते खरे. पण त्या सक्तीमागे शिकविणाऱ्याची तळमळ होती आणि अडलेल्या मुलासाठी वेळ काढण्याची तयारी होती. १९२५ पासून गांधी आपली आत्मकथा गुजरातीत क्रमशः प्रसिद्ध करू लागले, तेव्हा या गोष्टीला चाळीसएक वर्षे होत आली होती. दंड करणाऱ्या गिमीसाहेबांच्या शिस्तीचे आणि शिकविण्याचे त्यांनी तेथे चांगलेच वर्णन केले आहे. कृष्णशंकर पंड्यांचे स्मरण तर ते कृतज्ञतेने करतात. त्या वेळी थोडेफार संस्कृत शिकलो नसतो, तर आपल्या धर्मग्रंथांत रस घेणे कठीण झाले असते, असे ते म्हणतात. फारसीच्या त्या सौम्य शिक्षकांचाही उल्लेख तेथे आहे. त्यांचे नाव मात्र नाही.